चक्कीला कुलूप नको

पवनचक्की म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साताऱ्याकडचं चाळकेवाडीचं पठार येतं. त्या पांढऱ्या खांबांत चक्की नावाची वस्तूच नाही. ती आहे नेदरलँड्सच्या खेड्यांत. कुठे आत दगडी जातं, कुठे लाकूड कापायचा करवत, कुठे नुसतं पाणी उपसणारं चाक (त्यालाही आपण सवयीने चक्कीच म्हणतो). एकोणिसाव्या शतकात तिथे अशा सुमारे 10,000 चक्क्या होत्या. आज 1,200च्या आसपास उरल्या आहेत.

त्या पाडा म्हणणाऱ्यांशी माझं फारसं भांडण नाही, कारण ते आता उरलेलेच नाहीत. भांडण आहे ते कौतुक करणाऱ्यांशी. त्यांचं म्हणणं असं : यंत्र जुनं, लाकूड थकलेलं, फिरवून झिजवता कशाला? रंग द्या, पाटी लावा, कुलूप घाला.

हे ऐकायला मायेचं वाटतं, पण लाकडाला ते मानवत नाही. पाती एकाच जागी थांबली की पावसाचं पाणी त्याच दोन टोकांत मुरतं. पात्यांचा सगळा भार पेलणारा आस वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टेकून राहतो. चक्कीवाले तर सांगतात, हादरा बसत राहिला की कीडही लागत नाही. म्हणूनच तिथल्या काही प्रांतांत आणि नगरपालिकांत पाती किती फेरे फिरली ते मोजून अनुदान देतात. नुसतं उभं राहण्याचे पैसे वेगळे, फिरण्याचे वेगळे!

दुसरा आक्षेप जरा विद्वत्तेचा. पाती बदलली, दाते बदलले, छपराचं गवत बदललं. मग मूळ काय राहिलं? गावच्या रथाची चाकं किती वेळा बदलली, हे जत्रेत कुणी विचारत नाही. रथ ओढला जातोय ना, एवढंच पाहतात.

उलट बाजूने एक दुबळा युक्तिवाद होतो, तोही मला मान्य नाही. दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेना, तेव्हा तिथल्या किंडरडाइक गावच्या चक्क्यांनी पुन्हा पाणी उपसलं, म्हणून त्या राखाव्यात म्हणे. गॅस संपेल म्हणून चूल जपण्यासारखंच हे. पंप चक्कीपेक्षा सरस आहे, हे मान्य करून टाकावं.

राखायचं आहे ते हाताचं काम. सकाळी चक्कीवाला आधी ढग बघतो. मागचं चाक ओढून डोकं वाऱ्याकडे वळवतो, पात्याच्या जाळीवर शिडीसारखा चढून कापड पसरतो, मग दोर ओढून ब्रेक सोडतो. वादळ आलं आणि कापड गुंडाळायला उशीर झाला, तर लाकडी ब्रेक घासून पेटतो, आणि वर गवताचं छप्पर असलं तर संपलंच. दळताना पीठ अंगठ्याने चोळून बघतो; भरड लागलं की जात्याचा वरचा दगड किंचित खाली घेतो. आपल्याकडे जात्याला टाकी लावतात तशी तिथल्या दगडांनाही लावावी लागते. हे वाचून येत नाही. 1972 साली हौशी चक्कीवाल्यांचा संघ निघाला, तो शिकवून परीक्षेला बसवतो. युनेस्कोने किंडरडाइकच्या 19 चक्क्या 1997 मध्ये जागतिक वारशात घेतल्या, पण चक्की चालवण्याची विद्या अमूर्त वारसा ठरायला 2017 उजाडलं. दगडविटांना वीस वर्षं आधी मान मिळाला.

आणि वारा? भोवती उंच इमारती आणि झाडं उठली की दुरुस्त चक्कीही मुकी होते. चक्कीच्या आसपास किती उंच बांधावं यावर तिथे बंधनं आहेत. बिल्डरांना ती जाचतात. जाचू देत.

काम नसताना पाती कुठे थांबवायची, यालाही तिथे अर्थ आहे. वरचं पातं शेंड्याच्या अलीकडे थांबलं तर आनंद. शेंडा ओलांडून थांबलं तर सुतक. जुलै 2014 मध्ये युक्रेनमध्ये मलेशियाचं विमान पडलं, त्यात जवळपास दोनशे डच माणसं गेली. तेव्हा देशभर चक्क्यांची पाती शेंडा ओलांडून थांबली होती. त्यासाठी प्रत्येक चक्कीत कुणीतरी ब्रेकचा दोर ओढला होता.