'अपरिचित'ला टाळ्या कोण वाजवतं, आणि का?

कडोदरा चार रस्त्यावर मुंबई-अहमदाबाद हायवे आणि सुरत-बारडोली रस्ता एकमेकांना छेदतात. बारडोलीच्या अंगाने सरळ निघालं की व्यारा, सोनगड आणि मग नवापूर. याच वाटेने नंदुरबार, धुळे, जळगावची माणसं सुरतेच्या मिलमध्ये आणि लूम्सच्या खात्यांत आली. काही लिंबायत-उधन्याला स्थिरावली, काही पांडेसऱ्यात, तर काही इकडे पलसाणा तालुक्यात कडोदरा-वरेलीच्या खोल्यांमध्ये. या खोल्यांत टीव्हीवर एक सिनेमा लागला की चॅनल बदललं जात नाही. तो म्हणजे 'अपरिचित'.

मूळचा तमीळ 'अन्नियन'. १७ जून २००५ ला लागला. दिग्दर्शक शंकर, नायक विक्रम. हिंदीत डब होऊन तो 'अपरिचित' झाला आणि थिएटरपेक्षा टीव्हीवरच जास्त पाहिला गेला. गोष्ट बहुतेकांना पाठ आहे, तरी थोडक्यात सांगतो. अंबी नावाचा एक सज्जन, नियमाने चालणारा वकील. कोणी नियम मोडला की तक्रार करतो, लोक हसतात, कोर्टात काही होत नाही. मग त्याच्याच शरीरातून 'अपरिचित' उठतो आणि गुन्हेगाराला गरुडपुराणातली शिक्षा देतो. जखमीला गाडीत घ्यायला नकार देणारा रेड्यांच्या पायाखाली जातो. रेल्वेत सडकं जेवण देणारा कंत्राटदार उकळत्या तेलात जातो. निकृष्ट ब्रेक वायर बनवणाऱ्या कंपनीचा मालक जळवांच्या तोंडी जातो.

वीस वर्षांनंतरही याला टाळ्या पडतात. या सिनेमावर लोक काय बोलतात ते गेले काही महिने मी जमेल तिथे ऐकतोय. चहाच्या टपरीवर, पाळी सुटल्यावर, शेअर रिक्षात. यातून मोजमाप निघत नाही, पण सूर कळतो. आणि तो सूर मला वाटलं होतं तेवढा एकसारखा नाही.

पहिला वाद ठरलेला: हे अंगात येणं आहे की आजार? सिनेमा स्वतः उत्तर देतो. डॉक्टर सांगतो की हा दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचा रुग्ण आहे, लहानपणी बहीण डोळ्यांसमोर गेली तेव्हापासूनचा. पावसाच्या पाण्यात तुटलेली विजेची तार पडलेली होती आणि ती पोर त्यात पाय घालून मेली. म्हणजे भूत नाही, देव नाही. पण आपल्याकडचे निम्मे प्रेक्षक डॉक्टरचं ऐकतच नाहीत. खानदेशात अंगात येणं नवं नाही. ज्याने भगत पाहिलाय, वारं आलेली बाई पाहिली आहे, त्याला विक्रमचा बदललेला आवाज आणि तोंडावर आलेले केस पाहून वेगळं निदान लागत नाही. एका वयस्कर कारीगराचं म्हणणं असं, की डॉक्टरने नाव काही का ठेवेना, काम तर देवाचंच करतोय.

मला वाटतं, सगळं इथेच अडकलंय.

गरुडपुराण आपल्या घरांत लोकांना माहीत असतं ते मयताच्या दिवसांत वाचलं जातं म्हणून. पण त्या पुराणात शिक्षा देतो यम. तीही मेल्यावर, हिशेब पाहून. माणसाने माणसाला तेलात तळावं असं तिथे कोणी सांगितलेलं नाही. सिनेमाने एवढीच गोष्ट बदलली: शिक्षा परलोकातून उचलून चेन्नईत आणली आणि यमाच्या जागी वकील बसवला. चित्रगुप्ताच्या वहीत चूक होत नाही, ही आपली समजूत मात्र तशीच ठेवली. म्हणून प्रेक्षकाला शंका येत नाही. शिवाय कॅमेऱ्याने आपल्याला आधीच दाखवलेलं असतं की त्या गाडीवाल्याने खरंच नकार दिला होता. आपण साक्षीदार असतो. खऱ्या आयुष्यात असा साक्षीदार किती वेळा असतो?

याच वर्षी मराठीत 'डोंबिवली फास्ट' आला होता, निशिकांत कामत यांचा. माधव आपटे, संदीप कुलकर्णींनी केलेला. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोही नियमाने चालणारा, तोही एक दिवस फुटतो. पण आपटेच्या मागे पुराण नाही, देव नाही, हातात फक्त बॅट. आणि शेवटी तो पोलिसांच्या गोळीने मरतो. कामतांनी तोच सिनेमा पुढे तमिळमध्ये माधवनला घेऊन केला. तमिळ नायक आमच्याकडे आला, मराठी नायक तिकडे गेला. कडोदऱ्यात आपटे किती जणांना ठाऊक आहे असं विचारलं तर डोकी हलत नाहीत. 'अपरिचित' मात्र सगळ्यांना ठाऊक. हरणारा माणूस पुन्हा पुन्हा कोण बघणार, हेही खरंच.

टाळ्यांमागचा राग

आता टाळ्या वाजवणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी ते कुठे राहतात ते बघा. १८ ऑक्टोबर २०२१ च्या पहाटे कडोदऱ्याला लागून असलेल्या वरेलीत पॅकेजिंगच्या कारखान्याला आग लागली. दोन कामगार गेले, शंभरावर लोकांना वरच्या मजल्यांवरून क्रेन लावून उतरवावं लागलं. त्याच वर्षी जानेवारीत किम-मांडवी रस्त्यावर कडेला झोपलेल्या पंधरा जणांना डंपरने चिरडलं, बहुतेक राजस्थानातून आलेले मजूर. ६ जानेवारी २०२२ ला सचिन जीआयडीसीत टँकरमधलं केमिकल नाल्यात सोडताना वायू पसरला आणि सहा कामगार गुदमरून मेले. आणि २४ मे २०१९ चं तक्षशिला आर्केड तर कोणी विसरलेलं नाही. सरथाण्यातल्या त्या इमारतीत क्लासला आलेली २२ मुलं गेली. काही जीव वाचवायला वरून उड्या टाकताना.

यातला एकही खून नाही. सगळं निष्काळजीपणाच्या खात्यात जमा. 'अपरिचित'मधले गुन्हेगारही असेच आहेत: दरोडेखोर नाहीत, बलात्कारी नाहीत, निष्काळजी आहेत. शंकरच्या सिनेमाची ही खरी ओळख आहे, आणि आपल्या समीक्षकांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही असं माझं मत. नायक स्टेडियममध्ये भाषण करतो तेव्हा मुद्दा हाच असतो, की छोटी चूक कोट्यवधींनी केली की ती छोटी राहत नाही. बॉयलरजवळ बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याच्या मिलमध्ये मागचं दार मालाच्या गाठींनी बंद झालेलं असतं, त्याला ब्रेक वायरवाल्या शेठचं काय झालं ते बघायला आवडणारच.

गंमत अशी की सिनेमातल्या पहिल्या गाडीवाल्यावर आपल्या कायद्यात गुन्हाच लागत नाही. अपघात आपल्या हातून झालेला नसेल तर वाटेतल्या जखमीला गाडीत घेण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही. उलट मदत करणारेच घाबरायचे, पोलीस मागे लागतील म्हणून. ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम मान्य केले, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलं. आता मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे हायवेवरच्या किती ढाबेवाल्यांना माहीत आहे? मी विचारलं त्यांतल्या कोणालाच नाही. रेड्यांचा सीन मात्र सगळ्यांना आठवतो.

कोर्टावरचा राग खरा आहे आणि त्याला इतिहास आहे. १३ ऑगस्ट २००४ ला नागपुरात कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादवला कोर्टाच्या आवारातच ठार केलं. वर्षानुवर्षे तक्रारी करून काही झालं नव्हतं. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. त्यावर '२०० हल्ला हो' हा सिनेमा आला, त्यात अमोल पालेकर होते, रिंकू राजगुरू होती. त्या बायकांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या वस्तीला पोलीस ठाणं दारात उभं करत नाही, तिला वाट बघ म्हणणं सोपं असतं.

पण ज्यांना ही वाट पसंत आहे त्यांना मी दुसऱ्या एका गावाचं नाव सांगतो. ते आपल्याच रस्त्याला लागून आहे.

राईनपाडा

नवापूर ओलांडून साक्री तालुक्यात शिरलं की पिंपळनेरच्या बाजूला राईनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते, बहुतेक सोलापूरच्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. कोणीतरी बोट दाखवलं. जमावाने त्यांना मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही जण गेले.

तिथल्या जमावातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण योग्यच करतोय. पोरं वाचवतोय. त्यांनाही खात्री होती, फक्त ती कॅमेऱ्याची नव्हती, फॉरवर्डची होती. चित्रगुप्ताची वही कोणाकडेच नव्हती. आणि शब्द बघा: 'अपरिचित' म्हणजे अनोळखी. सिनेमात अनोळखी माणूस मारतो. राईनपाड्यात अनोळखी माणसं मारली गेली, अनोळखी होती म्हणूनच.

हे मी कडोदऱ्यात एका खोलीत बोललो तेव्हा थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एका तरुणाने जे काढलं ते मला सुचलं नव्हतं. त्याचं म्हणणं, आपणही इथे अनोळखीच आहोत. २०१८ च्या ऑक्टोबरात उत्तर गुजरातेत एका गुन्ह्यानंतर यूपी-बिहारच्या मजुरांना मारहाण झाली, हजारो लोक गावी निघाले, ते त्याने पाहिलेलं. त्याच्या मिलमधले काही जण गाडी पकडून गेले होते. उद्या एखादा मेसेज खानदेशी माणसाबद्दल फिरला तर? आपल्या बोलीवरून आपण लगेच ओळखू येतो.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला, सुप्रीम कोर्टाने जमावाच्या हिंसेवर राज्यांना निर्देश दिले. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी. तिच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणावरून केलेल्या खुनाला फाशीपर्यंत शिक्षा आहे. भाषा आणि जन्मस्थान हे शब्द आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांनी लक्षात ठेवावेत. 'अफवा' हा शब्द मात्र त्या कलमात नाही.

दैवी शक्ती आणि स्वतःच्या हाताने न्याय, ही जोडी पडद्यावर थरारक वाटते. सातपुड्यात हीच जोडी डाकीण ठरवलेल्या बाईच्या दारात येते. गावात कोणी आजारी पडलं, भगताने नाव घेतलं, की तिचं ऐकून घेणारं कोणी उरत नाही. तिथेही मारणाऱ्यांना वाटतं की आपण दुष्टाचा नाश करतोय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात सहा महिने ते सात वर्षांची कैद आहे. गुजरातने असा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये केला. म्हणजे मधली दहा वर्षं नवापूरच्या एका अंगाला जो खास गुन्हा होता, त्याला दुसऱ्या अंगाला वेगळा कायदाच नव्हता. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत असलेलं नवापूरचं स्टेशन लोक फोटो काढायला बघतात. ही सीमा कोणी फोटोत धरत नाही.

बदलापूरच्या प्रकरणात २३ सप्टेंबर २०२४ ला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला, तेव्हा पेढे वाटले गेले. डिसेंबर २०१९ ला हैदराबादच्या चकमकीनंतर पोलिसांवर फुलं उधळली गेली होती. पुढे त्या चकमकीची चौकशी न्या. सिरपूरकर आयोगाने केली आणि पोलिसांची कहाणी विश्वासार्ह नसल्याचं सांगितलं. तो अहवाल आला तेव्हा फुलं उधळणारे कुठे होते, कोण जाणे.

सिनेमाचा शेवट सांगून थांबतो, कारण त्यावरच सर्वांत जास्त मतभेद ऐकले. नायक उपचार घेऊन बरा होतो, सुटतो. ट्रेनमध्ये त्याला एक दारू पिणारा दिसतो. हा तोच लाईनमन, ज्याच्या हलगर्जीने बहीण गेली. तो त्याला गाडीबाहेर फेकतो आणि बायकोला कळू देत नाही. टीव्हीवर तुकड्या-तुकड्याने पाहिलेल्या बऱ्याच जणांना हा लाईनमन होता हे माहीतच नव्हतं. त्यांच्या हिशेबी त्या माणसाला दारू प्यायला म्हणून फेकलं. दारूबंदीच्या राज्यात, शनिवारी रात्री, दहा बाय दहाच्या खोलीत हे ऐकताना दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसले. त्यातल्या एकाने विचारलं, मग आपल्याला कोण फेकणार?