अस्मिता आमची, भिक्षा त्यांची

मराठी अस्मितेला उधाण आलं की आपल्याला फेटा आठवतो, मग संबळ, मग वासुदेव. पाडव्याच्या शोभायात्रेत वासुदेव हवा, लग्नाच्या हॉलच्या दारात वासुदेव हवा, परदेशातल्या मंडळाच्या गणपतीतही मोरपिसांची टोपी घालून कुणीतरी नाचायला हवं. हा 'कुणीतरी' बहुधा आयटीतला असतो, म्हणून टाळ्याही पडतात. खरा वासुदेव सकाळी सोसायटीच्या फाटकाशी आला, तर वॉचमन त्याला हाकलतो. तशी पाटी आपणच लावून ठेवली आहे.

या ढोंगाचा मला संताप येतो. लोकपरंपरा समाजाला बांधून ठेवते, हे व्याख्यानी वाक्य खोटं नाही. गोंधळ घातल्याशिवाय आजही कित्येक घरांत लग्नकार्य पुरं होत नाही. तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला मांडवात बोलावतो तो गोंधळी. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी भावकी त्याच्या दिवटीसमोर एकत्र हात जोडते. आपण कोण, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या या माणसांनी सांगितलं. त्यांना मात्र 'आपण'मध्ये आपण कधी धरलंच नाही.

2023च्या प्रजासत्ताक दिनी महाराष्ट्राच्या चित्ररथावर साडेतीन शक्तिपीठं होती, त्यांच्यासोबत संबळ वाजवणारा गोंधळीही होता. आपली छाती फुगली. त्याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हीच त्यांची परंपरा, आणि त्या दिवशी तोच त्यांचा गुन्हा ठरला. तेव्हा मान खाली घालायला किती अस्मितावाले पुढे आले?

सरकारही आपलंच. भटक्या जमातीचा दाखला हवा, तर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आणा म्हणतं. ज्याच्या बापजाद्यांना आपण गावात तीन रात्री टिकू दिलं नाही, त्यानं घराचा उतारा आणायचा कुठून?

यावर सुशिक्षितांचं उत्तर तयार असतं: 'पण ही कला जगली पाहिजे हो!' जगवा की. तुमच्या पोराला संबळ शिकवा. पोतराजाच्या पोरानं मात्र अंगावर आसूड ओढत राहायचं आणि तुम्ही त्याचा फोटो काढायचा, हा कसला वारसा? त्याला तलाठी व्हायचं असेल, तर तलाठी होऊ दे. त्यानं परंपरा सोडली म्हणून गळा काढायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

मिरवायचंच असेल तर आधी हिशेब चुकता करा. दाखला द्या, घराला जागा द्या, शाळेत पोरांना पहिल्या बाकावर बसवा, कलाकाराला सुपारीचे पूर्ण पैसे द्या. तेवढं होत नसेल, तर तो फेटा उतरवून ठेवा. तो तुमच्या डोक्यावर शोभत नाही.