जाहिरात ज्यांना दाखवली, खुलासाही त्यांनाच दाखवा

"क्रिप्टोच्या जाहिरातींवर तर बंदी आहे ना दादा? मग जे मोबाईलवर दिसलं ते तपासूनच आलं असेल की."

हे माझ्या आतेभावाचं वाक्य. एक लाख चाळीस हजार गेल्यानंतरचं. मी त्याला शिव्या घालायच्या तयारीनं गेलो होतो, पण या वाक्यावर काय बोलावं तेच सुचेना.

2024 च्या दिवाळीची गोष्ट आहे. सोयाबीनचा हमीभाव 4892 आणि जालन्याच्या मोंढ्यात हातात पडत होते चार हजारांच्या आतबाहेर. माल घालून घरी आला, रात्री मोबाईल बघत पडला, तर एक मोठा उद्योगपती चक्क मराठीत सांगतोय, एकवीस हजार लावा, महिन्याला एवढे मिळतील. ओठ आणि आवाज जरा मागंपुढं होत होते म्हणे. पण चेहरा ओळखीचा. बटण दाबलं की व्हॉट्सॲपचा ग्रुप, ग्रुपमधून एक ॲप, ॲपमध्ये रोज वाढणारा आकडा. पैसे काढायला गेला तर निरोप आला की भारत सरकारचा क्रिप्टोवर 30 टक्के कर आहे, तो आधी भरा. आता हा कर खरंच आहे, 2022 च्या बजेटमध्ये लागला. म्हणून यानं तोही भरला! चोरानं सरकारी नियमाचाच हप्ता वसूल केला. 1930 ला फोन लावून तक्रार नोंदवली, पण तोवर तीन आठवडे उलटून गेले होते.

ती जाहिरात नंतर मला स्वतःला दिसली. मी रिपोर्ट केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

मित्रांनो, ही बंदी म्हणजे नेमकं काय ते जरा बघा. 30 जानेवारी 2018 ला फेसबुकनं क्रिप्टोच्या जाहिराती बंद केल्याचं जाहीर केलं. मार्चमध्ये ट्विटरनं तेच केलं, जूनपासून गुगलनं. जगभर कौतुक झालं. आणि त्याच जूनमध्ये फेसबुकनं दार किलकिलं केलं, आधी परवानगी घ्या आणि करा जाहिरात. 2021 च्या ऑगस्टमध्ये गुगलनं अमेरिकेत नोंदणी असलेल्या एक्स्चेंजना वाट दिली, डिसेंबरात फेसबुकनं चालणाऱ्या परवान्यांची यादी तीनवरून सत्तावीसवर नेली. म्हणजे बंदी कधीच उठली, उरली ती परवान्याची खिडकी. 2018 मध्ये बिटकॉइन पडत होतं तेव्हा बंदी, 2021 मध्ये चढलं तेव्हा नियम सैल. हा योगायोग असेल तर असो बापडा.

आपल्याकडे 2021 च्या त्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये दर दोन ओव्हरला क्रिप्टोची जाहिरात होती, आठवतंय? 13 नोव्हेंबरला पंतप्रधानांनी बैठक घेतली, तरुणांची दिशाभूल करणाऱ्या जाहिराती थांबवा असं ठरलं. मग एप्रिल 2022 पासून जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं एक ओळ सक्तीची केली, हे उत्पादन अनियंत्रित आहे, जोखमीचं आहे, नुकसान झालं तर दाद मागायला जागा नसेल. चांगली ओळ आहे. पण ही ओळ छापतो कोण? जो प्रामाणिक आहे तो. आतेभावाला फसवणाऱ्यानं जाहिरातीत 'क्रिप्टो' हा शब्दसुद्धा वापरला नव्हता, 'एआय ट्रेडिंग' म्हणाला होता. नियम शब्दाला लागतो, चोर शब्द बदलतो.

आणि कंपन्यांना हे कळत नाही असं कृपया सांगू नका. नोव्हेंबर 2025 मध्ये रॉयटर्सनं मेटाची अंतर्गत कागदपत्रं बाहेर काढली. 2024 च्या उत्पन्नापैकी साधारण दहा टक्के, म्हणजे सोळा अब्ज डॉलर, फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येतील असा त्यांचा स्वतःचाच अंदाज होता. जाहिरातदार ठग असल्याची 95 टक्के खात्री झाली तरच त्याला बाहेर काढायचं, त्याहून कमी संशय असेल तर त्याच्याकडून जास्त दर घ्यायचा! कंपनी म्हणते तो अंदाज ढोबळ होता, फुगवलेला होता. बरं, निम्मा धरा. तरी आठ अब्ज.

इथं कुणी म्हणेल, जालन्याला बुडायला फेसबुक कशाला लागतं? खरं आहे. जीडीसी नावाच्या चलनाचं प्रकरण 2023 च्या जानेवारीत राज्यभर गाजलं ते आपल्याच गावचं. आपल्याकडे साडू सांगतो, मित्र सांगतो, चहाच्या टपरीवर हिशोब मांडून दाखवतो. पण साडू निदान लग्नकार्यात भेटतो, कॉलर धरता येते. मोबाईलमधल्या उद्योगपतीची कॉलर कुठून धरायची?

"लोकच हावरट" म्हणणाऱ्यांनाही एक सांगतो. हजारभर रुपये तोटा घेऊन क्विंटल विकणारा माणूस तो खड्डा भरून काढायला बघत होता. याला हाव म्हणायचं असेल तर म्हणा.

आता मुद्द्याचं. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा केंद्रीय कायदा आहे. त्यात एक कलम आहे, फार कुणाच्या ध्यानात नसतं. अशा योजनेची जाहिरात एखाद्या वर्तमानपत्रात किंवा प्रकाशनात आली, तर सरकार त्याला पूर्ण खुलासा छापायला लावू शकतं, फुकट, त्याच पद्धतीनं, त्याच जागी. काहून बरं हे कागदापुरतंच राहावं? पेपरवाल्याला तर माहीतही नसतं त्याचं पान कुणी वाचलं. या कंपन्यांना मात्र माहीत असतं की अमुक जाहिरात घनसावंगीच्या अमुक माणसानं रात्री किती वाजता, किती सेकंद बघितली. त्याचेच तर ते पैसे घेतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जाहिरात फसवी निघाली की ज्या ज्या फोनवर ती गेली त्या प्रत्येक फोनवर खुलासा गेला पाहिजे, त्याच जागी, मराठीत, फुकट. "तुम्हाला आम्ही दाखवलेली ही जाहिरात खोटी होती, पैसे भरले असतील तर 1930 वर फोन करा." पहिल्या रिपोर्टनंतर दोन दिवसांत हे गेलं असतं तर तो 'कर' भरायच्या आधी थांबणारे किती निघाले असते? आणि त्या जाहिरातीचे घेतलेले पैसे कंपनीच्या खात्यात राहता कामा नयेत, बुडालेल्यांना द्या. सेबीनं 2025 मध्ये शेअर बाजाराच्या जाहिरातदारांसाठी गुगल-मेटावर पडताळणी आणली. म्हणजे लावलं तर लागतं.

या दोन मागण्यांचं निवेदन मी जिल्हाधिकारी कार्यालयात देतोय, प्रत खासदारांना. ज्यांचे पैसे मोबाईलवरच्या जाहिरातीमुळे गेलेत त्यांनी मला इनबॉक्स करा, नाव कुठंही येणार नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट असेल तर तेवढा पाठवा, तारखेसह. आतेभावाकडे नाहीये. लाजेनं डिलीट करून टाकला त्यानं.