नोंदणी दिल्लीत, मतदार हिंगोलीत

2019च्या लोकसभा निवडणुकीत हिंगोली मतदारसंघात वंचित बहुजन आघाडीचे मोहन राठोड तिसरे आले. सुमारे पावणेदोन लाख मते घेऊन. पक्षाचा जन्म आदल्याच वर्षीचा. 2024मध्ये उमेदवार बदलला, बी. डी. चव्हाण उभे राहिले, क्रमांक पुन्हा तिसरा आणि मते दीड लाखाहून अधिक. सेनगाव-कळमनुरीपासून उमरखेड-किनवटपर्यंत एवढी माणसे सलग दोनदा प्रस्थापितांना सोडून तिसऱ्याच्या मागे जातात. तरीही तो पक्ष केंद्रीय निवडणूक आयोगाच्या यादीत 'नोंदणीकृत, पण अमान्यताप्राप्त' याच रकान्यात आहे. वंचितच्या राजकारणाशी तुमचे जमो न जमो, नव्या पक्षाची वाट किती खडतर आहे हे या आकड्यांतून दिसते.

सुरुवात अर्जापासून. लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम 29 अ 1989 साली लागू झाले. पक्ष स्थापन झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज दिल्लीला, आयोगाच्या सचिवांकडे पोचला पाहिजे. सोबत 10 हजार रुपयांचे शुल्क, पक्षाची घटना आणि किमान 100 सदस्यांची वेगवेगळी प्रतिज्ञापत्रे. प्रत्येकाने लिहून द्यायचे की मी मतदार आहे आणि दुसऱ्या कोणत्याही नोंदणीकृत पक्षात नाही. मग पक्षाचे नाव दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत, दोन-दोन दिवस छापायचे आणि हरकतींसाठी महिनाभर थांबायचे. औंढ्याच्या किंवा वसमतच्या शेतकरी कार्यकर्त्यांनी पक्ष काढायचा म्हटले, तर शंभर माणसे गोळा करणे त्यांना जड नाही. जड आहे ते शंभर जणांना नोटरीपुढे उभे करणे आणि राष्ट्रीय दैनिकांच्या जाहिरातीचे बिल भरणे. हळदीच्या हंगामात या कामाला कोण मोकळा असतो?

एवढे करून दिल्लीची नोंदणी मिळाली, तरी नगर परिषद आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत. तिथली नोंदणी वेगळी, कागद वेगळे, हिशेबाची पत्रे वेगळी. 2016 साली राज्य आयोगाने प्राप्तिकराचे विवरण आणि लेखापरीक्षित हिशेब न दिल्याबद्दल 191 पक्षांची नोंदणी रद्द केली. त्यात आमदार निवडून आणलेला एमआयएमही होता. हिशेब मागणे योग्यच आहे. पण नवा पक्ष मुळात गावपातळीवर रुजतो आणि तिथेच त्याला दुसऱ्यांदा दार ठोठावावे लागते, हे मला अन्यायाचे वाटते.

खरी गाठ पडते ती चिन्हाशी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, नव्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. मतपत्रिकेवर त्याचे नाव मान्यताप्राप्तांच्या खाली. चिन्ह राखीव नाहीच. सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह हवे तर मुदतीत स्वतंत्र अर्ज करायचा आणि विधानसभेला किमान 5 टक्के जागा लढवायच्या, म्हणजे महाराष्ट्रात 15. एका जिल्ह्याच्या पक्षाने 15 मतदारसंघ कुठून आणायचे? हिंगोली जिल्ह्यात विधानसभेच्या जागाच तीन. 2024च्या लोकसभेला अकोल्यात प्रकाश आंबेडकरांचे चिन्ह प्रेशर कुकर होते आणि त्याच पक्षाच्या वसंत मोरेंचे पुण्यात रोडरोलर. पक्ष एक, निवडणूक एक, आणि मतदाराने ओळखायचे कशावरून? चिन्हाचा घोळ किती महाग पडतो ते त्याच निवडणुकीत साताऱ्यात दिसले. तिथे पिपाणी हे चिन्ह मिळालेल्या अपक्षाने 37 हजारांवर मते घेतली आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावर लढलेले शशिकांत शिंदे सुमारे 33 हजारांनी पडले. शरद पवारांसारख्या नेत्याच्या पक्षाची ही गत, तर बिनओळखीच्या पक्षाचे काय होत असेल!

राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळाली की ती असेपर्यंत चिन्ह राखीव राहते. 2019च्या लोकसभेला वंचितला राज्यात 37 लाखांहून अधिक, म्हणजे जवळपास 7 टक्के मते पडली. नियम सांगतो, 6 टक्के मतांसोबत एक खासदार हवा, नाहीतर 8 टक्के मते हवीत. खासदार आला नाही, आठाचा आकडा गाठला नाही. एवढी मते एका चिन्हालाही पुरली नाहीत.

आयोगाची बाजूही खरी आहे. देणग्यांवरची करसवलत लाटण्यासाठी काढलेले कागदी पक्ष आहेतच. ऑगस्ट आणि सप्टेंबर 2025 मिळून आयोगाने 808 पक्ष यादीतून वगळले. सहा वर्षे त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती. ही साफसफाई हवीच होती. मात्र यातून एक गोष्ट उघड होते. दैनिकांतल्या जाहिराती आणि शंभर प्रतिज्ञापत्रांची चाळणी या पक्षांना अडवू शकली नाही. ज्याच्याकडे पैसा आणि सनदी लेखापाल आहे, तो तिच्यातून सहज गेला. अडला तो फाटक्या खिशाचा कार्यकर्ता.

म्हणून मागणी अशी. जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. नोंदणीचा अर्ज त्यांच्या कचेरीत स्वीकारावा, सदस्यांची पडताळणी तिथल्याच मतदार यादीवरून करावी, वेगळी प्रतिज्ञापत्रे मागू नयेत. हरकतींची सूचना आयोगाने स्वतःच्या खर्चाने द्यावी. दिल्लीची नोंदणी राज्य आयोगाने आपोआप मानावी. आणि एका जिल्ह्यातल्या सगळ्या जागा लढवणाऱ्या नव्या पक्षाला त्या जिल्ह्यापुरते एक चिन्ह पहिल्या निवडणुकीला द्यावे. हिशेबाची कडक तपासणी नोंदणीनंतर दरवर्षी करावी, तीही प्रस्थापितांसकट सगळ्यांची. यातल्या बहुतेक गोष्टींना संसदेत कायदा बदलावा लागणार नाही. दोन्ही आयोगांनी आपले आदेश आणि मार्गदर्शक सूचना बदलल्या तरी पुरे.