दानाचे खाते आणि देण्याचे खाते

दिवाळीला चोपडीपूजन होते, तेव्हा वर्षभरात धर्मादाय खात्यात किती रक्कम गेली, हे पेढीच्या मालकाला तोंडपाठ असते. त्याच पेढीवर वीस-पंचवीस वर्षे राबलेल्या मुनिमाचे देणे किती झाले, हा आकडा मात्र फार थोड्या चोपड्यांत सापडतो.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 ने सामाजिक उत्तरदायित्वाला कायद्याचे रूप दिले. 500 कोटी रुपये नेटवर्थ, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. आपल्याच कर्मचाऱ्यांच्या हितापुरता केलेला खर्च त्यात धरता येत नाही. या भेदामागील अर्थ व्यापाऱ्याला सहज उमगावा: समाजाला द्यावयाचे ते दान, आणि नोकराला द्यावयाचे ते देणे.

घाटकोपर आणि मुलुंड यांच्या दरम्यान असलेल्या विक्रोळीत हे देणे फार पूर्वी ओळखले गेले. पिरोजशा गोदरेज यांनी 1943 मध्ये तेथे जमीन घेतली. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या पोलादी मतपेट्या 1951 मध्ये याच विक्रोळीत तयार झाल्या. कारखान्यालगत कामगारांची वसाहत उभी राहिली आणि 1955 मध्ये 'उदयाचल' शाळा सुरू झाली. ज्याचे घर आणि मुलांची शाळा कामाच्या जागेशी जोडलेली असते, तो नोकरी सोडताना केवळ पगाराचे दोन आकडे ताडून पाहत नाही.

अंधेरी-बोरिवलीच्या पेढीला वसाहत बांधणे शक्य नाही; तिच्यापुरते देणे मात्र तिला चुकत नाही. ग्रॅच्युइटीचेच पाहावे. 1972 च्या कायद्याने दहा किंवा अधिक नोकर असलेल्या दुकानांनाही ती लागू केली. अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये आणि सेवा वीस वर्षे असेल, तर दरवर्षाचे पंधरा दिवस या हिशेबाने तीन लाख रुपये होतात. हिशेब अखेरच्या वेतनावर होत असल्याने प्रत्येक पगारवाढीबरोबर मागील सर्व वर्षांचे देणेही वाढते. दरवर्षी तरतूद केली, अथवा आयुर्विमा महामंडळाच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेत रक्कम भरली, तर निवृत्तीच्या दिवशी पेढीला ओढाताण सोसावी लागत नाही.

पूर्वी मुनिमाच्या घरचे आजारपण, मुलीचे लग्न शेठजी पाहत. ते सारे शब्दावर चाले. त्याची नोंद कोठेही नसे. मुलगा गादीवर बसला की त्याला चोपडीतील पगार दिसतो, वडिलांचा शब्द दिसत नाही. जुना नोकर दुखावतो. नवा तरुण नोकर तर शब्दावर विसंबतच नाही; भविष्यनिर्वाह निधी, आरोग्यविमा, रजा कागदावर नसतील, तर थोडक्या जास्त पगारासाठी तो समोरच्या दुकानात जातो. त्याच्याबरोबर गिऱ्हाइकांची ओळखही जाते.

म्हणून व्यवहार पुढील पिढीच्या हाती सोपविताना मालाची यादी आणि उधारीची यादी यांसोबत तिसरीही एक यादी द्यावी: प्रत्येक नोकराचे नाव, सेवेची वर्षे, आजवरचे देणे आणि त्याला दिलेला शब्द. येत्या पाडव्याला नव्या चोपडीत धर्मादाय खात्याच्या शेजारीच या यादीसाठी एक पान राखून ठेवावे.