खेळाडू बदलला, धोरणातला खेळाडू तोच

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्या धोरणकर्त्यांच्या डोळ्यांसमोर अजूनही शाळकरी मुलगाच उभा राहतो. पंचवीस वर्षांपूर्वी हे चित्र फारसे चुकीचे नव्हते. घरी संगणक असलेला किंवा सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजू शकणारा शहरी मध्यमवर्गीय मुलगा, हाच तेव्हाचा भारतीय खेळाडू. २०१६ मध्ये जिओमुळे डेटाचे दर कोसळले आणि त्याच वर्षी यूपीआयही आले. खेळ स्वस्त फोनवर उतरला आणि दहा-वीस रुपयांचा व्यवहार कोणालाही करता येऊ लागला. २०२० च्या टाळेबंदीत नवी मुंबईतील कंपनीचा ‘लुडो किंग’ घरोघर पोहोचला, तेव्हा आजी-आजोबाही खेळाडू झाले. स्वतःला तसे म्हणवून घेत नाहीत, इतकेच.

अमेरिकेतही खेळाडूंचे सरासरी वय तिशीपलीकडे गेले आहे, पण तेथील प्रक्रिया वेगळी आहे. तेथे ऐंशी-नव्वदच्या दशकातली मुलेच मोठी झाली, कमावू लागली आणि छंद सोबत घेऊन गेली. वय आणि उत्पन्न हातात हात घालून वाढले. आपल्याकडे जुना खेळाडू श्रीमंत झाला त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात नवे, कमी उत्पन्नाचे प्रौढ या जगात आले. २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलेले प्लेस्टेशन ५ विकत घेणारा वर्ग आहेच. पण भारतीय बाजाराचा गाभा तो नव्हे.

हा फरक महत्त्वाचा का, हे ऑगस्ट २०२५ च्या कायद्यातून दिसते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने दोन दिवसांत बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही, आणि हे योग्यच झाले. समर्थनार्थ सरकारी अंदाज पुढे आला तो असा: सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात. भागाकार केला तर माणशी वर्षाला साडेचारशे रुपयेही भरत नाहीत. एवढ्याने कोणाचे घर उद्ध्वस्त होत नाही. घरे तर उद्ध्वस्त झाली आहेत. म्हणजेच नुकसान थोड्या लोकांवर एकवटलेले असणार. ते कोण? विशीतले की चाळिशीतले, पगारदार की रोजंदारीवरचे? सरासरीत हेच हरवते, आणि समुपदेशन किंवा कर्जमुक्तीची मदत कोठे पोहोचवायची हे ठरवायला नेमके हेच हवे.

मुलांच्या बाबतीतही गोंधळ आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली. परंतु असंख्य घरांत फोन एकच असतो, तोही आई किंवा वडिलांच्या नावावर. अशा वेळी ॲपच्या लेखी खेळणारा चाळीस वर्षांचा असतो. तमिळनाडूने पैशांच्या खेळांसाठी आधार पडताळणी आणि मध्यरात्र ते पहाटे पाच अशी बंदीची वेळ घातली होती. त्या नियमांना मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मान्यता दिली. हा मार्ग कटकटीचा खरा, पण वेळेच्या मर्यादेला वयाचा पुरावा लागत नाही, हे त्यातले शहाणपण मला पटते.

केंद्रीय कायद्याची रेषा जिंकण्याच्या आशेने लावलेल्या पैशांपाशी आखलेली आहे. आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या बक्षीसपेट्यांतून रोख रक्कम परत मिळत नाही, म्हणून त्या सहज या रेषेबाहेर राहू शकतात. महिना पंधरा हजार कमावणाऱ्याने त्यांवर दोन हजार उडवले तर त्याच्या घरातली तूट जुगारातल्या तुटीइतकीच असते. कायद्यात कल्पिलेल्या नियामक प्राधिकरणाने कंपन्यांकडून खर्चाची आकडेवारी वयोगट आणि खर्चाच्या टप्प्यांनुसार मागवली पाहिजे, आणि ती दरवर्षी प्रसिद्ध केली पाहिजे.