कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन दर वेळी बाईचेच का?

"डॉक्टर, आता दुसरं झालं, हिचं ऑपरेशन उरकून टाका." हे वाक्य बहुतेक वेळा नवरा किंवा सासू बोलते. "मग तुमचीच नसबंदी करू या का?" असे मी नवऱ्याला विचारले, की तो काही बोलायच्या आधीच सासूबाई म्हणतात, "छे! त्याला कष्टाची कामं, ताकद जाईल त्याची."

ताकद जात नाही. पुरुष नसबंदीत फक्त शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बंद करतात. पुरुषी हार्मोन या नळ्यांतून जात नाही, ते थेट रक्तात मिसळते. त्यामुळे इच्छा, ताठरता, मेहनतीची क्षमता कायम राहते. बिनटाक्याच्या पद्धतीत तेवढीच जागा बधिर करतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. बाईच्या ऑपरेशनमध्ये मात्र पोटात शिरावे लागते. मग सोपे कोणते?

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नसबंदी झालेल्या विवाहित स्त्रिया सुमारे ३८ टक्के आढळल्या. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी ०.३ टक्के! गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, असे दर तीन पुरुषांमागे एकाला वाटते.

हे आपोआप झालेले नाही. आणीबाणीत सक्तीने केलेल्या नसबंदीची दहशत बसली, ती घराघरांत उरली. पुढे सरकारी शिबिरांचा सगळा भर बायकांवर आला. टीव्हीवरच्या जाहिरातीत 'चूक' झाली की गोळी घेऊन निश्चिंत होते तीही बाईच. ती गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, अडीअडचणीपुरती; ते दर महिन्याचे साधन नव्हे, हे जाहिरातीत ठळकपणे कोण सांगते? रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. शंभर वर्षे उलटली, आणि आपण अजून कंडोमची जाहिरात लागली की चॅनेल बदलतो. मग मुलगे शिकतात ते मित्रांच्या गप्पांतून आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंतून.

नऊ महिने तिने सोसले, कळा तिने सोसल्या. आता तुमची पाळी. दोघे मिळून डॉक्टरकडे या. नसबंदी कायमची समजूनच निर्णय घ्या. त्यानंतर तीन महिने कंडोम वापरा आणि वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत हे पाहूनच थांबा.

आणि सासूबाई, मुलाच्या ताकदीची काळजी करता, तशी सुनेच्या पोटाचीही करा.